वीस भिंती आणि एक यार्ड: झिपरीला उत्तर

«मी १९ वर्षांची. बडोद्याच्या दांडिया बाजारात राहते, बी. कॉम.चं दुसरं वर्ष. शाळेत असल्यापासून वहीच्या मागच्या पानांवर अक्षरं काढत आलेय. फतेगंजकडच्या चार मुलांचा ग्रॅफिटी क्रू आहे, मला त्यांच्यात यायचंय. ते म्हणतात, आधी क्रूची तीन अक्षरं शहरात वीस ठिकाणी टाकून दाखव, मग एका रात्री आमच्याबरोबर रेल्वे यार्डात ये, मग तू आमची. स्प्रेच्या कॅनचा खर्च माझा. स्वतःचं नाव मात्र अजून टाकायचं नाही. जगभर सगळे असेच सुरू झाले, असं त्यांचं म्हणणं. खरं आहे का? दुसरं म्हणजे, घरच्यांना विचारून गच्चीच्या कठड्यावर एकदा स्प्रे मारून पाहिला, तर सगळा रंग ओघळला आणि आठवड्याच्या आत पोपडे धरून पडला. माझं काय चुकलं? आजी मला झिपरी म्हणते, तोच टॅग घेतलाय.»

झिपरी,

त्या मुलांनी तुला इतिहास उलटा सांगितला. आधी नाव आणि मग क्रू, असा हा प्रकार जन्माला आला. क्रूची अक्षरं आधी टाक आणि तुझं नाव मागाहून बघू, ही अट जुन्या रायटर लोकांनी, म्हणजे भिंतींवर नावं लिहिणाऱ्यांनी, ऐकली असती तर त्यांना ती समजलीच नसती.

फिलाडेल्फियात १९६५च्या सुमारास डॅरिल मॅक्रे नावाचा मुलगा सुधारगृहात होता. तिथल्या स्वयंपाक्यामागे तो मक्याच्या पावासाठी भुणभुण लावायचा, त्यावरून त्याला ‘कॉर्नब्रेड’ हे नाव चिकटलं. तेच त्याने सुधारगृहाच्या भिंतींवर लिहिलं, आणि सुटल्यावर शहरभर लिहीत सुटला. आवडत्या मुलीच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर ‘कॉर्नब्रेडचं सिंथियावर प्रेम आहे’ असंही. पुढे वर्तमानपत्राने चुकून त्याच्या मरणाची बातमी छापली, तेव्हा पठ्ठ्या प्राणिसंग्रहालयात शिरून हत्तीच्या अंगावर ‘कॉर्नब्रेड जिवंत आहे’ असं लिहून आला, असं सांगतात. (हत्ती रंगवण्याचं बडोद्याला नवल नाही, पण आपल्याकडे माहूत सोबत असायचा.)

न्यूयॉर्कची गोष्ट तुझ्या आजीला आवडेल. वॉशिंग्टन हाइट्समध्ये १८३व्या रस्त्यावर डिमिट्रियस नावाचा ग्रीक घरातला मुलगा राहायचा. घरचं लाडाचं नाव टाकी. सामान पोचवायच्या नोकरीमुळे तो शहरभर फिरायचा आणि जाईल तिथे मार्करने ‘टाकी १८३’ लिहून यायचा. त्याच्याआधी जवळच्याच भागात ‘हुलिओ २०४’ लिहिणारा मुलगा होता, त्याचं पाहून यानं घेतलं. २१ जुलै १९७१ला न्यूयॉर्क टाइम्सने टाकीवर बातमी छापली आणि हजारो पोरांनी मार्कर उचलले. घरचं नाव आणि रस्त्याचा आकडा, बस. क्रू कुठेच नाही.

क्रू आले ते या गर्दीमुळे. इतकी नावं झाल्यावर ती लिहिणारी पोरं एकमेकांना शोधू लागली. मॅनहॅटनमध्ये १८८वा रस्ता आणि ऑडुबॉन अॅव्हेन्यू यांचा कोपरा, ब्राँक्समध्ये १४९व्या रस्त्याच्या ग्रँड कॉनकोर्स स्टेशनातलं एक बाकडं, अशा त्यांच्या बैठका ठरल्या. तिथे बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या पाहायच्या, कुणाचं अक्षर कसं उतरलंय यावर भांडायचं, आणि एकमेकांच्या वह्यांत काढून द्यायचं. या वहीला ब्लॅक बुक म्हणतात. कट्ट्यावरच्या या ओळखींतून टोळ्या झाल्या: ब्रुकलिनचे एक्स-व्हँडल्स, ट्रेसी १६८चा वाँटेड, पुढे डाँडीचा सीआयए, म्हणजे क्रेझी इनसाइड आर्टिस्ट्स. शैलीतल्या उड्या मात्र एकेकट्याच्या हातून आल्या. १९७२च्या आसपास सुपर कूल २२३ने दुसऱ्याच कसल्या तरी फवाऱ्याच्या डब्याचं रुंद तोंड रंगाच्या कॅनला बसवलं आणि जाड पट्टा मारता येऊ लागला. फेज टू नावाने लिहिणाऱ्याने अक्षरं फुग्यासारखी फुगवली. साध्या सहीचा ‘पीस’, म्हणजे आउटलाइन आणि भरलेल्या रंगांचं मोठं चित्र, झाला तो इथे. क्रूने त्यात भर घातली ती वेळेची आणि हातांची: एक जण आउटलाइन मारतो, दोघे आत रंग भरतात, चौथा पार्श्वभूमी धरतो, आणि एकट्याला दोन रात्री लागल्या असत्या ते काम एका रात्रीत होतं.

मुलींचं काय, हे तू विचारलं नाहीस, पण चार मुलगे आणि तू असा हिशेब आहे म्हणून सांगतो. इक्वाडोरमध्ये जन्मलेल्या लेडी पिंकने न्यूयॉर्कात १९७९ला सुरुवात केली आणि १९८०मध्ये ‘लेडीज ऑफ द आर्ट्स’ हा फक्त मुलींचा क्रूच उभा केला.

आता यार्डाकडे. तिथली पोरं यार्डात जायची त्याला एक साधं कारण होतं. सबवेचा, म्हणजे तिथल्या भुयारी रेल्वेचा, डबा दिवसभर त्याच शहरात फिरतो. ब्राँक्समध्ये रात्री काढलेलं नाव सकाळी ब्रुकलिनमध्ये वाचलं जातं. आपल्या यार्डातला डबा सकाळी सुरतेला नाही तर रतलामला गेलेला असतो. रावपुऱ्यात कोण वाचणार? आणि खुद्द न्यूयॉर्कने १२ मे १९८९ला रंगवलेली शेवटची गाडी सेवेतून काढली. त्यानंतर क्रू बुडाले नाहीत, भिंतींवर आले. यार्ड ही त्या काळाची सोय होती, तिला दीक्षाविधी कुणी केलं देव जाणे.

शिवाय तिथे वीज खाली होती, तिसऱ्या रुळात. आपल्याकडे ती डोक्यावर आहे, २५,००० व्होल्ट, आणि तारेला हात लागावाच लागतो असं नाही. डब्यावर चढून फार जवळ गेलं तरी ठिणगी अंगावर उडी घेते. हातात रंगाची धातूची कॅन किंवा रोलरची लांब काठी असेल तर अंतर आणखीच घटतं. रेल्वे कायदा, १९८९च्या १४७व्या कलमाखाली नुसतं आत शिरल्याबद्दल सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. डब्यावर रंग मारला की सार्वजनिक मालमत्तेच्या नुकसानीचा १९८४चा कायदा येतो, त्यात पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. ऑक्टोबर २०२२मध्ये अहमदाबाद मेट्रोच्या डब्यांवर अक्षरं काढल्यावरून चार इटालियन तरुणांना पोलिसांनी धरलं, हे त्या मुलांनाही ठाऊक असणारच. त्या इटालियनांच्या पाठीशी निदान परतीचं तिकीट होतं.

आणि वीस भिंतींचा हिशेब नीट मांड. कॅन तुझे, धोका तुझा, कॅमेऱ्यात चेहरा तुझा, नाव त्यांचं. याला जाहिरात म्हणतात, आणि जाहिरात रंगवणारे पेंटर पैसे घेतात. सगळ्यात खटकलं ते वेगळंच: त्यांच्या अटींत तुझी वही कुठेच नाही. ज्याला अक्षरात रस आहे तो आधी म्हणतो, ‘दाखव.’

म्हणून आधी वही. झिपरी हे नाव मुळाक्षरांच्या दृष्टीने फक्कड निवडलं आहेस, बहुतेक न कळत. पहिल्या अक्षराची ऱ्हस्व वेलांटी डावीकडून उभी राहते, शेवटची दीर्घ वेलांटी उजवीकडून. म्हणजे नावाच्या दोन्ही टोकांना एकेक खांब आणि वर एकेक कमान. चौकट फुकट मिळाली. मधला प शांत आहे, तो शांतच राहू दे. अडचणीची अक्षरं दोन. झला हातपाय फार, छोट्या आकारात त्याचा गुंता होतो. मधली आडवी रेघ सरळ धरून बाकीची वळणं कमी करून पाहा, दहा फुटांवरून वाचता आला पाहिजे. र उलट फार बारीक, त्याच्या पायाशी भोक पडल्यासारखी जागा रिकामी राहते. ती भरायला रचं शेपूट लांबव, पच्या खालून डावीकडे ने, थेट झपर्यंत. रोमन अक्षरं तळाशी एकमेकांत अडकवतात. आपली वरून लोंबतात, त्यामुळे आपल्याला खेळायची जागा खाली मिळते. परदेशी पीसची नक्कल करताना आपल्या पोरांचं देवनागरी अवघडतं ते नेमकं याच जागी. दिल्लीत डाकू या नावाने लिहिणाऱ्याने नाव देवनागरीतच ठेवलं आणि दिल्लीकरांच्या ते लक्षात राहिलं, हेही ध्यानात घे.

बडोद्यात तुझ्या हाती आणखी एक हुकूम आहे. इथल्या पाट्या गुजराती, आणि गुजरातीला शिरोरेषा नाही. भिंतीवर एक जाड शिरोरेषा ओढलीस की रस्त्यावरच्या सगळ्या अक्षरांतून ती वेगळी उठते. तिला सरळ ठेवण्याची सक्तीही नाही. डावीकडे जाड सुरू करून उजवीकडे निमुळती कर, किंवा झवर तोडून पवर जोड. उलट थ्रो-अप, म्हणजे झटपट काढायचं फुगीर अक्षरांचं नाव, करायचा असेल तर तेच नाव गुजरातीत लिहून पाहा. तिथली अक्षरं सुटी उभी राहतात, एकमेकांवर रेलतात, फुगवायला सोपी जातात.

टॅगसाठी, म्हणजे एका दमात मारायच्या सहीसाठी, मोडी शीक. गायकवाडी दप्तरांत मोडीचे ढीग आहेत आणि शिकवणारी माणसं आपल्या शहरात अजून भेटतात. मोडीत आधी पानभर रेघ ओढून घेतात आणि मग हात न उचलता अक्षरं तिच्यावरून धावत जातात. टॅगलाही हीच धाव लागते. देवनागरीत प्रत्येक अक्षराला हात एक-दोनदा उचलावा लागतो आणि स्प्रेच्या कॅनने प्रत्येक उचलीला एक ठिपका गळतो. झिपरीच्या पाच-सहा उचली मोडीच्या वळणांनी दोनवर येतात का, एवढं पाहा.

सरावाला महाग वही नको. रद्दीतलं वर्तमानपत्र आडवं धर; स्तंभांच्या उभ्या रेघा आडव्या होतात आणि आयत्या ओळी मिळतात. बोर्ड रंगवणारे पेंटर पिढ्यान्‌पिढ्या असंच शिकत आले. १० मिलिमीटर रुंद टोकाचा मार्कर नाही तर अर्ध्या इंचाचा चपटा ब्रश आणि शाई घे. रोज एक पान, त्यावर नाव ३०–४० वेळा, आणि मनगट न हलवता खांद्यातून हात फिरवायचा, कारण भिंतीवर मनगट पुरत नाही. पहिले १५ दिवस फक्त पट्ट्यांची अक्षरं काढ: सगळ्या रेघा एकाच जाडीच्या, बाण नाही, सावली नाही, चांदण्या नाहीत. पट्टीचं अक्षर डळमळत असेल तर त्यावर लावलेला बाण ते झाकत नाही, उलट बोट दाखवतो. नवशिक्याला या मंडळींत ‘टॉय’ म्हणतात. सगळेच कधी ना कधी टॉय असतात. दुसऱ्याचं वळण जसंच्या तसं उचललं तर त्याला ‘बाइटिंग’ म्हणतात, आणि ते मात्र विसरत नाहीत.

मांडवीच्या आसपास हाताने बोर्ड रंगवणारा कुणी अजून दुकान लावून बसला असेल तर चार दुपारी त्याच्याकडे जाऊन बस. हा सल्ला जुनाट वाटेल. पण आपल्याच विद्यापीठाच्या फाइन आर्ट्सला शिकलेला हनीफ कुरेशी हेच करत होता. देशभरच्या बोर्ड पेंटरांची अक्षरं त्याने गोळा केली, त्यांचे संगणकी फाँट करवले, आणि दिल्लीच्या लोधी कॉलनीतल्या भिंती रंगवणाऱ्या स्टार्ट इंडिया संस्थेच्या संस्थापकांत तो होता. २०२४मध्ये तो गेला. ग्रॅफिटी आणि दुकानाची पाटी ही दोन जगं आहेत असं त्याने कधी मानलं नाही.

आता कठडा. तुला दोन वेगळे रोग झालेत, एक हाताचा आणि एक भिंतीचा.

ओघळ हा हाताचा रोग. कॅन भिंतीच्या जवळ आणि हात सावकाश, असं झालं की एका जागी रंग जास्त बसतो आणि खाली धावतो. बारीक रेघ हवी तर नोझल भिंतीपासून ३–५ सेंटिमीटरवर आणि हात झपकन. आत रंग भरायचा तर १५–२० सेंटिमीटरवर, आडव्या फेऱ्या, प्रत्येक फेरी आधीचीवर अर्धी चढवत. दाबून मग हलवायचं नाही. हात आधी चालू करायचा, मग बटण दाबायचं, आणि थांबण्याआधी सोडायचं. रंगाचा दुसरा थर पहिला १०–१५ मिनिटं सुकल्यावर. आतली गोळी वाजायला लागल्यापासून पूर्ण दोन मिनिटं कॅन हलवायची, कारण रंगाचा चोथा तळाशी बसलेला असतो. नाही हलवली तर आधी नुसतं पातळ द्रावण येतं, तेच सगळ्यात जास्त ओघळतं, आणि शेवटी नोझल चोंदतं. काम झाल्यावर कॅन उलटी धरून रंग यायचा थांबेपर्यंत दाबायची, नळी साफ राहते. बाहेरून मागवलेल्या कॅप, म्हणजे सुटी नोझल, देशी कॅनला बसतीलच असं नाही. काही कॅनच्या मानेतून बारीक नळी वर आलेली असते आणि कॅपमध्ये भोक, काहींत उलट. घेण्याआधी एक कॅप उपसून बघ.

बडोद्याच्या उन्हाचंही काम आहे यात. मे महिन्याच्या दुपारी तापलेल्या भिंतीवर रंग पोचण्याआधी हवेतच सुकतो आणि कडा खरखरीत, पीठ भुरभुरल्यासारखी येते. सकाळी नऊच्या आत उरक. उत्तरायणाच्या दिवसांत पतंगाला चांगला तो वारा स्प्रेला वाईट.

पोपडे हा भिंतीचा रोग. गच्चीच्या कठड्यावर बहुतेक चुना असणार, उन्हासाठी मारतात तो. तळहात घासून पाहा. हाताला पांढरं लागलं तर तुझा रंग भिंतीला नाही, चुन्याच्या भुकटीला चिकटला होता. भुकटी सुटली, तो गेला. तारेच्या ब्रशने चुना खरवडायचा, ओल्या फडक्याने पुसायचा, सुकू द्यायचा, मग बाहेरच्या भिंतीचा प्रायमर एक हात. ओल आहे का हे पाहायला दीड फुटाचा प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेप लावून एक रात्र चिकटवून ठेव. सकाळी आतून थेंब दिसले तर भिंत प्यायलेली आहे, त्या भिंतीला हात लावू नकोस. पावसाळ्यात हे सगळं विसरायचं. नवरात्र उलटलं की भिंती सुकतात, आणि नेमकी तेव्हाच दिवाळीची रंगरंगोटी निघते. पेंटरांकडे आणि शेजाऱ्यांकडे अर्धे उरलेले डबे मागायला याच्याइतका चांगला काळ नाही.

पहिला पीस सहा फूट उंच, आठ फूट रुंद धर, म्हणजे ४८ चौरस फूट. सगळं स्प्रेने करायचा मोह होतो, तो टाळ. एक ४०० मिलिलिटरची कॅन भरगच्च रंग भरताना जेमतेम दीड चौरस मीटर पुरते, म्हणजे १५–१६ चौरस फूट. फक्त पार्श्वभूमीतच तीन जातील. त्याऐवजी बाहेरच्या भिंतीचं एक लिटर पांढरं इमल्शन, ते दोन हातांत एवढ्या भिंतीला पुरतं. अक्षरांच्या आतला रंगही आणखी अर्ध्या लिटर इमल्शनमध्ये स्टेनर, म्हणजे रंगछटा देणारा दाट रंग, मिसळून कर आणि चार इंची रोलरने भर. स्टेनर लिटरला ३०–४० मिलिलिटरपलीकडे टाकू नकोस. गडद हवा म्हणून ओतत गेलीस तर रंग नीट सुकत नाही आणि बोटाला लागत राहतो. मग कॅन लागतात तीन: कच्च्या आखणीला एक फिकट, शेवटच्या आउटलाइनला एक काळी, आणि सावली नि चमक यांना एक आवडीची.

क्रम हा ठेव: पांढरा हात, सुकू दे, वहीतलं चित्र फिकट कॅनने भिंतीवर, आत भरणी, मागची पार्श्वभूमी, त्यानंतर काळी आउटलाइन, आणि अगदी शेवटी चमक. काळी रेघ आधी मारली तर भरताना ती खाल्ली जाते आणि परत मारावी लागते. वहीतलं चित्र मोठं करताना बहुतेकांची अक्षरं उजवीकडे चेपली जातात, कारण सुरुवातीला जागा भरपूर वाटते. त्यावर एक युक्ती आहे. सुकलेल्या पांढऱ्या रंगावर रंगीत खडूने वेड्यावाकड्या खुणा करून टाक, फुली, आकडे, काहीही. फोनवर त्याचा फोटो काढ आणि वहीतल्या चित्राचा फोटो त्यावर अर्धपारदर्शक ठेव. मग झचा खांब कुठल्या फुलीवर येतो आणि रचं शेपूट कुठल्या आकड्याशी संपतं हे सरळ दिसतं. चौकोनांची जाळी आखत बसावं लागत नाही.

नाकाला रुमाल किंवा करोनातला मास्क पुरत नाही. एन-९५ कण अडवतो, द्रावणाची वाफ नाही. कारखान्यांना सुरक्षेचं सामान विकणाऱ्या दुकानात अर्ध्या चेहऱ्याचा रबरी मास्क मिळतो, त्याला वाफेची कार्ट्रिज आणि वर धुळीची गाळणी. आतून रंगाचा वास येऊ लागला की कार्ट्रिज संपली. वापर झाल्यावर ती घट्ट झाकणाच्या डब्यात ठेव, नाहीतर उघड्या हवेतच खर्च होते. बंद जिन्यात किंवा खोलीत स्प्रे नकोच, जवळ गॅस पेटलेला असेल तर अजिबातच नको.

भिंत मागायची कशी? सोसायटीची असेल तर अध्यक्ष किंवा सेक्रेटरीची साध्या कागदावर सही, त्यात भिंत कुठली, कुठून कुठपर्यंत, तारीख आणि सोबत वहीतलं रंगीत चित्र. चित्र दाखवल्याशिवाय मागू नकोस. ‘ग्रॅफिटी’ म्हटलं की काकांच्या डोळ्यांपुढे शिव्या लिहिलेली भिंत येते. दुकानांची शटरही चांगली, रात्री सगळा बाजार तुझं प्रदर्शन होतो. पण शटर लोखंडी आणि तेलकट असतं: थिनरने पुसून, गंजावर रेड ऑक्साइडचा प्रायमर मारून मगच रंग. आणि स्प्रे अगदी समोरून मार; तिरका मारलास तर शटरच्या नळ्यांची एकच बाजू रंगते आणि पलीकडून चालत येणाऱ्याला तुझं नाव दिसतच नाही. महापालिकेच्या भिंतीला वॉर्ड ऑफिसात लेखी अर्ज, आणि हाती उत्तर आल्याशिवाय हात नाही.

जिथे कुणाचीही परवानगी चालत नाही अशा जागा तुझ्या घराभोवतीच आहेत. तांबेकर वाड्याच्या आतल्या भिंती एकोणिसाव्या शतकातल्या चित्रांनी भरल्या आहेत आणि वाडा पुरातत्त्व खात्याच्या रक्षणाखाली आहे. अशा वास्तूला विद्रूप केलं तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. कीर्ती मंदिरात नंदलाल बोस यांनी १९३९ ते १९४६ या काळात काढलेली भित्तिचित्रं आहेत. मांडवी, न्यायमंदिर, पोळांतली, म्हणजे जुन्या गल्ल्यांतली, लाकडी कोरीव घरं, देवळं, कुणाचा ओटा, कुणाची गाडी: इथे नुसता मार्करही नको. उलट, आत जाऊन बघून ये. तांबेकर वाड्यात खांब, कोनाडे, दारं सांभाळून एकेक चौकट कशी बसवली आहे ते पाहिलंस तर आठ फुटांची सपाट भिंत फार सोपी वाटेल.

आणि त्या मुलांचं. लगेच तोडू नकोस, चौघांपैकी एखाद्याचा हात खरंच चांगला असेल. त्यांना सांग, सोसायटीची भिंत मिळाली आहे, रविवारी सकाळी सहाला या, वह्या घेऊन या, कॅनचे पैसे पाचात वाटू. मग बघत राहा. कोण वही उघडतो आणि कोणाकडे वहीच नाही. आउटलाइन कोण मारतो, आणि तुला नुसती भरणी करायला देतात की पाच फूट जागा देऊन ‘तुझं काढ’ म्हणतात. क्रूची तीन अक्षरं पीसच्या कोपऱ्यात छोटी येतात, आणि शेजारी हजर असलेल्यांची नावं. तिथे झिपरी लिहिताना कुणी का-कू केली तर तुला उत्तर मिळालं. दुसऱ्याच्या कामावर रंग मारण्याबद्दल त्यांचा नियम काय हेही विचार. जुना रिवाज असा की टॅगवर थ्रो-अप चालतो, थ्रो-अपवर पीस चालतो, उलट चालत नाही, आणि पूर्ण पीसवर काही मारायचं तर त्याहून सरस काढता यायला हवं. ज्यांना हे ठाऊकच नाही त्यांच्याबरोबर फिरलीस तर त्यांची भांडणं तुझ्या नावावर जमा होतात.

रविवारी कुणीच आलं नाही, तर इमल्शनचा डबा उघडलेला आहे आणि भिंत सुकलेली आहे, तू काढ. सोबतीला एक मैत्रीण असली तरी पुरे, रोलर धरायला. शिडी चार फुटांची लागेल, आणि कॅन शिडीच्या सावलीत ठेव; ५० अंशांच्या वर ती फुटू शकते आणि ऑक्टोबरातलं ऊनही पत्र्यावर तेवढं तापतं.